डावे तुझे, उजवे माझे

उदगीर
११ फेब्रुवारी २००२

ताहेर,

दुआ.

मराठीत लिहिते आहे. उर्दूत लिहिलं तर तू ऑफिसातल्या कुणाकडून तरी वाचून घेशील. हे पत्र तू स्वतः वाचावंस.

तुझं पत्र मिळालं. अम्मी गेल्यानंतरचं पहिलं. वर तुझ्या लातूरच्या क्लासचं नाव, खाली तुझ्या नावाखाली 'संचालक', मधला मजकूर टाईप केलेला. "आपल्याकडील उजव्या बाजूच्या प्रतिमा लवकरात लवकर पाठवाव्यात." सख्ख्या बहिणीला 'आपल्याकडील'. माझ्या तूबाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "अम्मी, मामू तुमको नोटीस भेजे."

उत्तर: नाही.

तू लिहितोस की हैदराबादचे कोणी रिजवान साहेब आपल्या भाच्याला, सादला, तुझ्या क्लासमध्ये घालायला आले होते. त्यांनी तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर रेल्वेचे फोटो पाहिले आणि विचारलं, याचा दुसरा अर्धा कुठे आहे? मग त्यांनी तुला समजावलं की असल्या पुठ्ठ्यावर दोन फोटो असतात, डावा डाव्या डोळ्यासाठी, उजवा उजव्यासाठी. अर्धा म्हणजे काहीच नाही. जोडी असेल तर ते घेतील.

हे तुला हैदराबादच्या माणसाने सांगावं लागलं? आठवीत जाईपर्यंत तू ती ऐनक माझ्या हातातून हिसकावत होतास. लाकडी मूठ, डोळ्यांपुढे दोन भिंगं, समोर पुठ्ठा अडकवायची तार. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी एकच फोटो दोनदा. जरा थांबलं की दोन्ही मिळून एक होत आणि डोंगर मागे सरकत, रूळ पुढे येत. बोरघाटातले बोगदे. दरीवरचा पूल, त्याच्या टोकाला इंजिन. आणि आपल्या इकडची लाइन टाकताना काढलेले काही: गोदावरीत उभे अर्धे खांब, पळसाखाली लावलेले खडीचे डबे, नांदेडच्या पुढे काळा खडक फोडून काढलेली वाट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा कुणा साहेबांनी काढलेले. नांदेडला रेल्वेचा एक बंगला रिकामा झाला तेव्हा अब्बांनी तो गठ्ठा जुन्या बाजारातून उचलून आणला होता.

तू कधी थांबायचा नाहीस. दोनाचं एक व्हायच्या आत "दिसलं, दिसलं" म्हणत पुढचा पुठ्ठा मागायचास. म्हणून त्या खडकातल्या वाटेवरची बाई तुला कधी दिसली नाही. मी म्हणायचे बाई आहे, तू म्हणायचास दगड आहे. आपण त्यावरून मारामारी केली आहे. अब्बा म्हणायचे, "जिसको जो दिखा, वो दिखा." तुझ्या पत्रात त्या फोटोचं नाव आहे, 'खडकातील रेल्वेमार्ग, निर्मनुष्य.' म्हणजे तू अजून तिथेच आहेस.

डावे तुझे, उजवे माझे. अम्मीने असंच दिलं. रिजवान साहेबांना सांग, जोडी फुटली आहे आणि त्यातली एक बाजू विकायची नाही.

तुझी आपा


उदगीर
१ मार्च २००२

ताहेर,

बकरी ईदला तू आला नाहीस. तुझा हिस्सा शेजारी वाटला.

या वेळी हाताने लिहिलंस ते बरं केलंस. अक्षर अजून तसंच आहे, ओळ संपेपर्यंत वर चढत जाणारं. पण काय लिहिलंस? "अम्मीच्या अडाणीपणाने एवढी मोलाची चीज मातीत गेली. कात्री घेऊन बसल्या आणि नासून टाकलं. आता तरी तू शहाण्यासारखी वाग."

म्हणजे अम्मी अडाणी, मी हट्टी, शहाणा तू एकटा.

ऐक. अम्मीला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. जन्मापासून. डोळा दिसायला धडधाकट होता, म्हणून कुणाला कळलं नाही. चहा ओतताना ती किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची. टेकवली नाही तर चहा बाहेर. तू तिची नक्कल करायचास, पाहुण्यांसमोर सुद्धा. सुईत दोरा घालताना ती मान पार खांद्याकडे वळवायची. जिना उतरताना खालची पायरी आधी पायाने चाचपायची. तू हे सगळं पाहिलं आहेस. विचारलं कधीच नाहीस.

मला तिने हे माझ्या लग्नाआधी सांगितलं. सासरी, नांदेडला, निघायच्या आदल्या दिवशी. "औलाद हुई तो आँखां पहले दिखा." तूबा झाली तेव्हा मी पहिल्या महिन्यातच डॉक्टरकडे नेली.

आता एक डोळा मिटून बघ. ऐनकेतून काय दिसतं? एक फोटो. डोंगर मागे जात नाही, रूळ पुढे येत नाहीत. दुसरा फोटो कशासाठी आहे हे अशा माणसाला कळायचं काही कारणच नाही. आणि ती फोटोवाल्याची बायको होती. पासपोर्टचे फोटो अब्बा एका कागदावर चार-चार छापायचे आणि ते कापायचं काम तिचं. जन्मभर तिने एकसारख्या फोटोंमधून कात्री चालवली. दोन सारखे फोटो एका पुठ्ठ्यावर दिसले तर तिला काय वाटणार? कापायचे राहून गेलेत, एवढंच.

कापले का, तेही ऐक. तुला ते फक्त आयते मिळाले.

भूकंपानंतर अब्बा किल्लारीकडे गेले होते. मेलेल्यांची ओळख ठेवायला फोटो हवे होते आणि गावोगावच्या स्टुडिओवाल्यांना जीपमधून नेत होते. अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर भाकऱ्या घेऊन गेली. तिथे पत्र्याच्या शेडसमोर तिने दोन भाऊ पाहिले. ढिगाऱ्यातून निघालेल्या एका हंड्यासाठी भांडत होते. दोघांच्या घरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. हंडा चेपलेला होता.

ती घरी आली आणि वाटणी करायला बसली. आईबापाने जिवंतपणी मुलांना काही द्यायचं तर मुलगा-मुलगी बरोबरीने. मेल्यावरचा हिशोब वेगळा, मुलाला दोन आणि मुलीला एक. हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिला जिवंतपणी द्यायचं होतं. द्यायला काय होतं तिच्याकडे? कढई तुला, परात मला. पितळी पानदान तुझ्या बायकोला, सुरमेदानी माझ्या मुलीला. आणि तो गठ्ठा, जो लग्नाच्या वर्षी अब्बांनी तिला दिला होता. तिचाच होता.

अब्बा परत आले तोवर डावे तू लातूरला नेले होतेस. माझे नांदेडला पोचले होते, तिने शिवलेल्या पिशवीतून. मी पिशवी उघडली आणि समजले. अब्बांना घरी त्या गठ्ठ्याची रिकामी पेटी दिसली. अम्मीने विचारलं, "बराबर काटी ना मैं?" माझ्या वाट्याचा एक अर्धा पुठ्ठा तिने त्यांना दाखवायला मागे ठेवला होता. अब्बांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "एकदम सीधा."

हे मला अब्बांनीच सांगितलं. तिला त्यांनी स्वतः जाईपर्यंत कळू दिलं नाही. मीही नाही. आता तू सांगणार असशील तर कबरीवर जाऊन सांग.

अब्बांच्या मागे घर विकलं. अम्मीचा आठवा हिस्सा काढून दोन वाटे तुझे, एक माझा. माझ्या वाट्यात अब्बांचं हे फोटोचं दुकान आलं आणि नांदेडहून येऊन मी ते चालवते आहे. मी तेव्हा तक्रार केली नाही, आज करत नाही. कायदा आहे आणि मी तो मानते. पण तुझ्या बरोबरीने मला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली. ती तू परत मागतोस, आणि देणारीला अडाणी म्हणून मागतोस.

नाही.

आपा


उदगीर
२६ मार्च २००२

ताहेर,

मी डार्करूममध्ये असताना तू दुकानात फोन केलास. तूबाने घेतला. काय बोललास ते तिने मला शब्दाला शब्द सांगितलं. तुला वाटलं असेल सांगणार नाही.

"मामू म्हणले, दहावीचा शेवटचा पेपर झाला की लातूरला ये. सुट्टीच्या बॅचपासून बसवतो. पहिल्या बाकावर. हॉस्टेलात खिडकीजवळची खाट."

"आणि?"

"आणि म्हणले, येताना नानीची पिशवी तेवढी घेऊन ये."

ताहेर, तूबाला लातूरला यायचं आहे. हे तुला माहीत आहे म्हणूनच तू तिला विचारलंस, मला नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी जाणार आहेत. तुझ्या क्लासच्या जाहिराती ती पेपरमधून काढून ठेवते, ज्यात नंबरात आलेल्या मुलांचे फोटो असतात. त्यातले काही माझ्या दुकानात काढलेले आहेत. 'डॉक्टर व्हायचंय' असं ती म्हणत नाही, पण बुद्धप्रियाबरोबर बसून तुझ्या क्लासच्या मागच्या वर्षीच्या नोट्स उतरवते. बुद्धप्रिया आमच्या समोरच्या घरातली. तिचे वडील तहसीलमध्ये आहेत, ती तुझ्याकडे जाणार आहे, पूर्ण फी भरून.

म्हणजे तू बरोबर दुखतं तिथेच बोट ठेवलंस. शाबास.

रात्री मी आणि तूबा जेवायला बसलो. मी तिला म्हटलं, तुला जायचं असेल तर मी पिशवी देते. खरंच म्हटलं. उजवे माझे आहेत, पण पोरगीही माझीच आहे. हे तुला सांगायला नको होतं. पण सांगते, म्हणजे तुला कळावं की तू किती जवळ आला होतास.

तिने विचारलं, "नानीने मला काय दिलं होतं?"

"सुरमेदानी."

"मग मामूला सांगा, सुरमेदानी पायजे तर घेऊन जा. दुसरं माझ्याकडं काय न्हाई."

मी म्हटलं, "आणि लातूर?"

"खिडकीजवळची खाट लई थंड असते म्हणं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आत किती वेळ नळ चालू होता. भांडी दोनच होती.

भाची म्हणून शिकवायचं असेल तर शिकव. ती रिकाम्या हाताने येईल, चांगली शिकेल, तुझं नाव काढेल. तिच्या बाकाच्या बदल्यात काही मागणार असशील तर यापुढे दुकानात फोन करू नकोस. करायचाच असेल तर मला कर. मी डार्करूममध्ये असले तर थांब.

आपा


उदगीर
१५ एप्रिल २००२

ताहेर,

काल जयंतीची मिरवणूक होती, दिवसभर पायावर होते. आमच्या गल्लीतल्या अश्वजितच्या मंडळाचे फोटो आज द्यायचे आहेत, म्हणून थोडक्यात.

तुझं कार्ड आलं. रिजवान साहेब तुझे डावे घेऊन माझ्याकडे येणार, जोड्या जुळतात का ते पाहणार. "निदान दाखवायला तरी तुझी हरकत नसावी."

हरकत नाही. पाठव. त्यांना चहा देईन, जेवू घालीन, उजवे दाखवीन. देणार नाही. हे त्यांनाही आधी सांगून ठेव, भर उन्हात प्रवास करून येणार आहेत.

तूबाच्या बाकाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. समजले.

आपा


उदगीर
३ मे २००२

ताहेर,

रिजवान साहेब काल येऊन गेले. ते त्यांच्या परीने सांगतीलच. माझ्या बाजूचं मी लिहिते.

हैदराबादच्या गाडीने उतरले. पांढरी दाढी, काळी छत्री, काखेत तुझी पिशवी. माणूस भला आहे. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "आपा, ये क्या गजब करे आप लोगां? मियाँ-बीवी को बीच में से काट दिए!"

मी म्हटलं, "हमारी अम्मी काटे."

"अम्मी को कैंची कौन दिया?"

"अब्बा. फोटो काटने कू."

ते हसले. मग मी त्यांना डोळ्याचं सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि अम्मीच्या नावाने फातिहा पढले, दुकानात, गिऱ्हाईक बाहेर थांबलेलं असताना. तू अजून पढला आहेस की नाही, मला माहीत नाही.

टेबल रिकामं केलं. त्यांनी डावे मांडले, मी उजवे मांडले. तू फ्रेम करताना कडा छाटल्या नाहीस, एवढं तुझं चांगलं. आठ-नऊ वर्षं वेगळे राहून रंग बदलले आहेत. तुझे ट्यूबलाईटखाली फिकट झाले, माझे पिशवीत गडद राहिले. पण कापलेली कड कडेला लावली की मध्ये केसही जाणार नाही. एकदम सीधा. रिजवान साहेबांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

मग ती खडकातली वाट मी ऐनकेत लावली. ऐनक दुकानातच आहे, कपाटाच्या वरच्या खणात. तिची वाटणी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

तुला आठवत असेल तर असा फोटो आहे. दोन्ही बाजूंना काळा खडक, मध्ये रूळ, अजून खडी न टाकलेले. लांबवर माळ आणि एकच झाड. रुळांच्या दोन्ही कडेला माणसं उभी, पहारी जमिनीवर ठेवलेल्या, सगळे साहेबाकडे तोंड करून. हलू नका म्हणून सांगितलेलं असणार. पाय जुळवून उभे आहेत, आपण पोरांना फॉर्मच्या फोटोसाठी बसवतो तसे चेहरे. तू 'निर्मनुष्य' कसं लिहिलंस? तुझ्या अर्ध्या फोटोत ते खडकाच्या सावलीत बुडाले आहेत, हे मला तो हातात घेतल्यावर कळलं. माझ्याही अर्ध्यात बुडालेलेच आहेत. माझ्या आठवणीत उभे होते, म्हणून मला ते दिसत राहिले.

मी ऐनक डोळ्यांना लावली. आधी दोन खडक दिसले. मग ते एकमेकांवर आले आणि वाट उघडली.

उजव्या हाताला, खडकाच्या पायथ्याशी, आपला दगड. तो खडकापासून सुटला. त्याच्या आणि खडकाच्या मध्ये हवा होती.

ती बाई आहे, ताहेर.

लहानपणी मला वाटायचं ती आपल्याकडे बघते आहे. बघत नाही. तिने पाठ केली आहे. बसली आहे, डोक्यावरून लुगडं ओढून, शेजारी टोपलं पालथं. लुगड्याखाली दोन टाचा आहेत. सगळी माणसं उभी, ही एकटी बसलेली. सगळ्यांची तोंडं साहेबाकडे, हिची पाठ. म्हणून ती दगडासारखी दिसते. साहेबाने तिला उठ म्हटलंच असेल. मुकादमाने तर नक्कीच. उठली नाही.

रिजवान साहेबांना दिलं. बघून म्हणाले, "पत्थर है."

"नीचे देखो. एड़ियाँ."

त्यांनी पुठ्ठा तारेवर जरा पुढे-मागे सरकवला. मग ऐनक न काढताच म्हणाले, "हौ. पत्थरां को एड़ियाँ नहीं रहते."

जेवण झालं. त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुझ्यासारख्या माणसाला हे नवल वाटेल. "आधे का मैं क्या करूँ, आपा," म्हणाले, "भाई को वापस कर देतूँ." त्यांची परतीची गाडी संध्याकाळी होती. मधल्या वेळात किल्ला पाहायचा होता.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "साहेब, तुम्ही किल्ला पाहून येईपर्यंत ही पिशवी इथे राहू द्या. मी यातल्या प्रत्येकाचा फोटो काढणार आहे."

ते म्हणाले, "आपा, एक कान से कम सुनतूँ मैं. दूसरे से भी." छत्री उघडली आणि गेले.

मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. तूबाने दिवे धरले, मी कॅमेरा खाली तोंड करून बांधला आणि तुझे सगळे डावे एकेक करून उतरवून घेतले. ते परत आले तेव्हा पिशवी बांधून तयार होती. एकाही कडेवर ओरखडा नाही, तपासून घे. आज दिवसभर मी प्रिंट काढले, त्याच मापाचे, चहाच्या पाण्यात बुडवून जरा तपकिरी केले आणि नव्या पुठ्ठ्यावर माझ्या उजव्यांशेजारी चिकटवले. पुठ्ठा मिठाईच्या खोक्यांचा आहे. ऐनकेला चालतो.

तू याला चोरी म्हणशील. फोटोवरून फोटो काढणं हा या दुकानाचा धंदा आहे. भूकंपानंतर दोन वर्षं लोक अब्बांकडे हेच घेऊन येत होते. फुटक्या काचेखालचा, माती लागलेला, गेलेल्या माणसाचा एकच फोटो, आणि वाटेकरी चार. अब्बा त्याचे चार करून द्यायचे. अम्मी कापायची. कुणी चोरी म्हणालं नाही.

तुझं जे होतं ते तुझ्याकडे परत आलं आहे. वीक, टांग, काय वाटेल ते कर. माझ्याकडे आता पूर्ण आहे.

आपा


उदगीर
२० जून २००२

ताहेर,

तूबाचा निकाल तुला बुद्धप्रियाकडून कळला असेलच, ती आता तुझ्या पहिल्या बाकावर बसते. तूबाने इथल्याच कॉलेजात सायन्स घेतलं. संध्याकाळी बुद्धप्रियाच्या नोट्स एस.टी.ने येतात, कंडक्टर दुकानात टाकून जातो. तुझा क्लास असा आमच्या घरी चालू आहे. तुला कळवून ठेवते, मागाहून चोरी म्हणायला नको.

तिला वाईट वाटतं. नाही वाटत असं मी लिहिणार नाही. बुद्धप्रिया बसमध्ये चढली तेव्हा ही स्टँडवरून सरळ घरी आली नाही, किल्ल्याकडून फिरून आली. पण पिशवीबद्दल तिने मला एकदाही विचारलं नाही.

तू लिहितोस की मी तुझ्या मालकीच्या वस्तूची परवानगीशिवाय नक्कल केली, ती नक्कल, ऐनक आणि उजवे तिन्ही ताब्यात घ्यायला तू येणार आहेस. वकिलाला विचारलं आहेस. मौलानांनाही विचारणार आहेस. मौलानांना विचारच. जिवंतपणी आईने बरोबरीने दिलेलं भावाला परत मागता येतं का, हे त्यांच्या तोंडून ऐक.

इथे काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे येताना तयारीने येशील.

फॉर्मांचा मोसम आहे. सकाळपासून पोरं दुकानात, बाहेर पायरीवर, पायरीच्या खाली. बसून कंटाळतात. मी ऐनक काउंटरवर ठेवली, मुठीला सुतळी बांधून. शेजारी पुठ्ठे. हात पुसून घ्यायचे आणि बघायचं.

पहिल्या दिवशी नरसिंग नावाचा पोरगा आला, नायगावकडचा, इथे मामाकडे शिकतो. डोळ्याला लावून ओरडला, "आगं आई, डोंगर मागं सरकला की!" आणि हात पुढे करून रूळ धरायला गेला. सगळे हसले. मग सगळ्यांना पाहिजे.

आता घाट, बोगदे, पूल बघून झाले की सगळे त्या खडकातल्या वाटेवर येऊन थांबतात.

"काकू, ही बाई का बसली हो?"

"तुला काय वाटतं?"

"सायबावर रुसली."

"हॅट, दम लागला आसंल."

धुरपताबाई नातीच्या फॉर्मच्या फोटोला आली होती. तिने ऐनक उलटी धरली, मग सुलटी धरली, मग म्हणाली, "पोटात दुखत आसंल गं माय. बाईमाणूस. कुणी इचारलं का तिला?" नात लाजली.

तूबा मागून म्हणाली, "तिला फोटो काढायचा नव्हता. बस, नव्हता काढायचा."

परवा तुझ्या क्लासचा एक पोरगा आला, सुट्टीला घरी आलेला. फोटो काढून झाला तरी जाईना. शेवटी म्हणाला, "मॅडम, आमच्या सरांच्या हापिसात हाच फोटो हाय. पण त्याच्यात बाई न्हाई."

"हाय," नरसिंग म्हणाला. तो आता फोटोचं काम नसलं तरी येतो. "तुमच्या सरांना दिसत नसंल."

मी त्याला गप्प केलं. तुझा मान मी इथे राखते.

तर तू ये. वकिलाला आण, मौलानांना आण, बायकोलाही आण, ती पानदान नेल्यापासून कधी भेटलीच नाही. पुठ्ठे मिळणार नाहीत. ऐनक मिळणार नाही. ते इथून हलणार नाहीत, मी आहे तोवर आणि माझ्यामागे तूबा आहे तोवर. तूबाला मी ते आजच दिले आहेत, जिवंतपणी. नरसिंगची मामी आणि धुरपताबाई साक्षीला होत्या. आता भांडायचं असेल तर भाचीशी भांड.

बघायचं असेल तर मात्र कुणी अडवणार नाही. दुकान सकाळी उघडतं. आलास की रांगेत शेवटचा कोण आहे ते विचार आणि त्याच्या मागे उभा राहा.

आपा